घरांतील राउटर कसा निवडावा?

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली, कीं पालकमंडळींकडून एक प्रश्न मला हटकून विचारला जातो : “सर, राउटर खंयचो घेव?” प्रश्न लहान, पण त्यामागें कोणाचे मासळीच्या हंगामांत सांठविलेले, तर कोणाचे मुंबईच्या भावानें पाठविलेले पैसे असतात. म्हणून त्याचें उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे. २०२० सालीं टाळेबंदीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां आपल्याच जिल्ह्यांतील एका विद्यार्थिनीनें डोंगरावर खोपी उभारून, भर पावसांत, मोबाईलची रेंज मिळेल तेथें बसून अभ्यास केला. वर्तमानपत्रांतून ती हकीकत आपण वाचलीच असेल. अभ्यासासाठीं इंटरनेट किती अगत्याचें झालें आहे, हें सांगण्यास याहून निराळा दाखला नको.

माडाच्या शेवटच्या आळ्यांत शिंपणाचें पाणी पोहोंचलें नाहीं, तर शहाणा बागाईतदार लागलीच नवा पंप विकत आणीत नाहीं. विहिरींत पाणी किती, पंप ओढतो किती आणि पाट कोठें फुटला, हें तो आधीं पाहतो. इंटरनेटचेंही असेंच आहे. कंपनीकडून घरापर्यंत येणारी तार ही विहीर, राउटर हा पंप, आणि राउटरपासून आपल्या मोबाईलपर्यंतचा मार्ग हा पाट होय. या तिहींपैकीं दोष कोठें आहे, तें न पाहतां नवा राउटर घेणें म्हणजे पाट फुटला असतां पंप बदलणें होय.

ही चूक मीं स्वतः केली आहे, म्हणून अधिकारानें सांगतों. माझी कन्या बारावींत असतांना मागच्या खोलींत तिचे पाठ चालत आणि चित्र वारंवार थबके. मीं दुकानदाराच्या सांगण्यावरून साडेचार हजार रुपयांचा, चार शिंगांचा राउटर आणला. फरक पडला नाहीं! पुढें एका माजी विद्यार्थ्यानें ओटीवर, राउटरजवळ, वेग मोजला. तो ५० पैकीं ४८ भरला. मागच्या खोलींत तोच ३ वर आला. मध्यें जांभ्या दगडाच्या दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट होतें. त्यानें पंधरा मीटर केबल ओढून माझा जुना, टाकून दिलेला राउटर त्या खोलींत जोडून दिला. एकंदर खर्च सातशें रुपये. त्या दिवसापासून तक्रार उरली नाहीं. मात्र साडेचार हजार परत आले नाहींत, आणि परीक्षेपूर्वींचे दोन महिने तर मुळींच आले नाहींत.

तेव्हां पहिलें काम मोजण्याचें. मोबाईलवर वेग मोजण्याचीं साधनें फुकट मिळतात. राउटरपासून दोन हातांवर उभे राहून एकदां सकाळीं व एकदां रात्रीं आठाच्या सुमारास वेग मोजावा. मग अभ्यासाच्या जागीं मोजावा. राउटरजवळही वेग कमी भरला आणि दुसऱ्या मोबाईलवरही तसाच भरला, तर प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. जवळ ठीक आणि दूर कमी, तर दोष भिंतींचा. सर्वत्र ठीक, पण एकच यंत्र मंद, तर तें यंत्र जुनें झालें असें समजावें. येथें एक घोटाळा टाळावा. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते, आणि फाईलचें आकारमान मेगाबाईटमध्यें असतें. एक बाईट म्हणजे आठ बिट. म्हणून ५० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास सुमारें सहा मेगाबाईटच उतरतात. ही फसवणूक नव्हे, गणित आहे.

गरज किती? एका ऑनलाईन तासाला दोन ते चार मेगाबिट पुरतात, स्वच्छ चित्रपटाला सुमारें पांच. चार माणसांच्या घरास ४० ते ५० मेगाबिटांची जोडणी पुष्कळ झाली.

आतां भिंतींविषयीं. वायफाय मुख्यतः दोन प्रकारच्या रेडिओलहरींवर चालतें : २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिलीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारें सहा. पहिली भिंतीपलीकडे बरी पोहोंचते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या लहरींची तींत गर्दी. दुसरी वेगवान, पण भिंतीशीं लवकर हरते. आपल्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळें पावसाळ्यांत पाणी धरतो, आणि ओल या लहरींना शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीहून किंचित् वर, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाटामागें, पाण्याच्या टाकीजवळ वा मायक्रोवेव्ह शेगडीशेजारीं ठेवूं नये. या उपायास एक पैही लागत नाहीं, म्हणून तो सर्वांआधीं करावा.

तेवढ्यानें भागलें नाहीं, तर तार ओढावी. वायफाय पुढें पाठविणारे स्वस्त ‘रिपीटर’ मिळतात. परंतु त्यांपैकीं पुष्कळसे एकाच लहरीवर ऐकतात व बोलतात, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. तारेस भिंतीची पर्वा नाहीं. ‘कॅट ६’ जातीची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते. घेतांना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हें विचारून घ्यावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त असते, पण ती कमकुवत, आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यांत तिच्या टोंकांवर फार दिवस भरंवसा ठेवतां येत नाहीं. अंगणांतून न्यावयाची असल्यास उन्हापावसाला टिकणारी, बाहेरच्या वापराची केबल घ्यावी.

इतकें करूनही राउटर घ्यावा लागलाच, तर पुढील गोष्टी पाहाव्या. कंपनीनें बसविलेल्या डबीतच वायफाय असल्यास आणि तें नीट चालत असल्यास नवा घेऊंच नये. घेतल्यास दोन्ही लहरींचा घ्यावा. जोडणी १०० मेगाबिटांहून अधिक असेल, तर गिगाबिट पोर्टचा घ्यावा. नाहीं तर पैसे १००० च्या जोडणीचे आणि वेग १०० चा, अशी गत होते. खोक्यावरील मोठ्या आंकड्यांना भुलूं नये. ‘एसी १२००’ यांतील १२०० हा दोन लहरींच्या कागदावरील वेगांची, म्हणजे ३०० व ८६७ यांची, ढोबळ बेरीज आहे. एका मोबाईलला तितका वेग कधींच मिळत नाहीं. ‘वायफाय ६’ हें २०२१ सालीं प्रमाण ठरलें. घरांत यंत्रें पुष्कळ असल्यास त्याचा उपयोग होतो; दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप एवढ्यासाठीं ‘वायफाय ५’ पुरें. शिंगांची संख्या मोजून किंमत ठरवूं नये.

किनाऱ्यावर विजेचा विचार सोडून चालत नाहीं. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात व वीज थोडीच खातात. त्यांकरितां लहान बॅटरीचा यूपीएस मिळतो; तो घेतांना व्होल्ट व अँपिअर राउटरच्या अडॅप्टरवर छापलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. मे २०२१ मधील तौक्ते वादळानें आपले खांब आणि माड आडवे केले, तेव्हां अशा बॅटरीनें काम भागलें नसतें, हें खरें; पण नेहमींच्या तासाभराच्या भारनियमनांत चालू पाठ तुटत नाहीं. वळवाच्या व परतीच्या पावसांत गडगडाट सुरू होण्यापूर्वींच राउटरचा प्लग काढावा, व बाहेरून आलेली तांब्याची केबल सोडवावी. फायबरची तार कांचेची असल्यामुळें त्या कांचेंतून वीज येत नाहीं. अडॅप्टरमधून मात्र येते.

शेवटची गोष्ट फुकट आहे, म्हणून उपेक्षिली जाते. राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. सुरक्षेच्या पर्यायांत ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘३’ निवडावा. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या आज्ञावलीनें, मूळचे शब्द तसेच ठेवलेलीं लक्षावधि यंत्रें जगभर ताब्यांत घेतलीं व त्यांच्याकडून मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. त्या यंत्रांच्या मालकांपैकीं बहुतेकांस त्याची वार्ताही नव्हती.

सारांश, क्रम असा ठेवावा : आधीं मोजावें, मग राउटरची जागा बदलावी, मग तार ओढावी, आणि सर्वांच्या शेवटीं राउटर विकत घ्यावा. विद्यार्थ्यांनीं हें मोजण्याचें काम या सुटींत आपल्या घरीं करावें, व प्रत्येक खोलींतील आंकडे वहींत लिहून वडिलांना दाखवावे. मग दुकानाची पायरी चढण्याचें कारण उरलें नाहीं, तर वांचलेले पैसे कशास लावावे, हें घरोघरीं ठाऊक आहे.