तोल सावरण्याची सावकाश विद्या

उतारवयात पडण्याची भीती ही पडण्याइतकीच घातक ठरते. एकदा पाय घसरला की माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांतील बळ ओसरते. बळ ओसरले की तोल पुन्हा जातो. त्यातच खुब्याचे हाड मोडले, तर उरलेले स्वावलंबनही धोक्यात येते. हे चक्र मोडण्यास चीनमधील ‘ताई ची’ आणि ‘चिगोंग’ या पद्धती साहाय्यभूत होतात. मात्र त्या पायरीपायरीने शिकल्या पाहिजेत.

चिगोंग म्हणजे श्वास, शरीरस्थिती आणि मन यांचा मेळ घालणाऱ्या सोप्या हालचाली. ताई ची ही मूळची युद्धकला. तिला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये किंवा कोळसा खाणीत पाळ्या करून ज्यांचे गुडघे झिजले आहेत आणि ज्यांना मांडी घालून बसणे जड जाते, त्यांना ही उभ्याने करावयाची साधना सोयीची वाटेल.

अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तर व त्यापुढील वयाच्या २०० जणांचे तीन गट करून एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ताई चीच्या १०८ प्रकारांचे सार काढून केवळ १० हालचाली एका गटास १५ आठवडे शिकविण्यात आल्या. त्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. थोडे, पण नेमाने केलेले फळास येते, हेच यातून दिसते.

पहिली पायरी : स्थिर उभे राहणे. भिंतीलगत भक्कम खुर्ची ठेवून तिच्या पाठीमागे उभे राहावे. पावलांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित सैल, नजर समोर. श्वास नाकाने, सहज. तो रोखून धरू नये. उभे राहणे शक्य नसेल, तर खुर्चीत बसूनही आरंभ करता येतो.

दुसरी पायरी : चिगोंग. ‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा जुना संच आहे. त्याचा बसून करावयाचा प्रकारही आहे. प्रथम एक-दोन हालचालीच घ्याव्यात. त्या अंगवळणी पडल्यावर पुढची.

तिसरी पायरी : भार बदलणे. साऱ्या विद्येचे मर्म येथे आहे. सारा भार एका पायावर नेऊन, दुसरा पाय रिकामा झाल्यावरच तो उचलावा. टाच टेकवून मग हळूहळू भार पुढे न्यावा. दिंडीत पावली खेळलेल्यांना भाराची ही अदलाबदल परिचित असेल. येथे ती फार संथ करावयाची. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये.

चौथी पायरी : जोडलेल्या हालचाली. ढगांसारखे हात फिरविणे, शुभ्र क्रौंचाप्रमाणे पंख पसरणे अशी यांची नावे. चीनमध्ये १९५६ साली सिद्ध झालेला २४ हालचालींचा संच पाच-सहा मिनिटांत पूर्ण होतो. तो बसविण्यास मात्र कित्येक महिने लागतात. ही पायरी जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावी. शिक्षक जवळपास नसल्यास पहिल्या तीन पायऱ्यांचा नित्य सरावही हिताचाच.

वरची पायरी केव्हा चढावी? आधारास हात न लावता, दम न लागता आणि दुसऱ्या दिवशी सांधे न दुखता चालू पायरी जमू लागली म्हणजे. आजारपणानंतर एक पायरी खाली उतरण्यात कमीपणा मानू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी समोरून हात धरून ओढू नये. ज्येष्ठांच्या दुर्बळ बाजूस, किंचित मागे उभे राहावे. फरशी कोरडी असावी, पायांत घसरणारी चप्पल नसावी. रक्तदाबाची गोळी घेऊन उठताच भोवळ येत असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा सांधेबदल झाला असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास सराव तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत मिळवावी. या साधनेमुळे चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा सूर्योदयापूर्वीची वेळ उत्तम. हवेत धूर वा धूळ असेल, तर घरातच सराव करावा. आरंभी दहा मिनिटे पुरेत.

प्रगतीची कसोटी घरातच आहे. खुर्चीतून हात न टेकता उठता येणे, रात्री स्नानगृहाकडे जाताना भिंत न शोधणे, एसटीची उंच पायरी निर्धास्तपणे चढणे : एवढे साधले, तरी विद्या अंगी मुरू लागली असे समजावे.