कल्हई की मोड?

घरातल्या जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांना पूर्वी दोनच वाटा असत. आतली कल्हई उडाली, की पातेले कल्हईवाल्याच्या भात्यापाशी जाई आणि नवसागराचा धूर ओसरेपर्यंत चकचकीत होऊन परत येई. दुसरी वाट मोडीची. बूड झिजले, पोचे पडले, की भांडे मोडीत घालायचे आणि वजनाच्या हिशेबात नवे आणायचे. पहिल्या वाटेने गेलेले पातेले तेच राही. दुसऱ्या वाटेने येई ते दुसरेच, मग त्यावर नाव तेच का घातलेले असेना.

हाच पेच आज एका अशा वस्तूच्या बाबतीत उभा आहे, की जिच्याकडे वडीलधाऱ्यांनी आजवर फक्त आठ्या घालून पाहिले. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या खेळावर प्लास्टिकची बंदूक रोखून बदके टिपणारी मुले आता चाळिशीत आली आहेत. ती कमावती आहेत आणि बालपणासाठी पैसे मोजायला तयार आहेत. तेव्हा जुने खेळ नव्या रूपात बाजारात येणार, हे ओघानेच आले. त्यात दोन प्रकार. मूळ खेळाचा गाभा तसाच ठेवून चित्र आणि आवाज स्वच्छ करणे, हे ‘रीमास्टर’. तोच खेळ पायापासून नव्याने बांधणे, हा ‘रीमेक’. एक कल्हई, दुसरी मोड.

नावाजलेल्या, निर्दोष खेळाचे असे पुनरुज्जीवन कुणालाही पटते. खरा प्रश्न सदोष खेळाचा आहे. जो मुळातच अर्धा फसला होता, त्याच्यावर मेहनत घेणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे नव्हे काय? उत्तरासाठी एक उदाहरण घेऊ.

‘रेल शूटर’ नावाचा खेळांचा एक जुना प्रकार आहे. जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनी हाताळलेली असते. आता कल्पना करा, की बंदुकीसह आपल्याला एका गाडीत बसवले आहे आणि गाडी रुळांवरून आपल्या मर्जीने धावते आहे. वळायचे कुठे, थांबायचे कुठे, हे आपल्या हाती नाही. समोर येईल ते टिपायचे आणि अंगावर येईल ते चुकवायचे. १९८५ साली सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी ‘स्पेस हॅरिअर’ काढला, तेव्हा त्याची एक आवृत्ती अशी होती, की खेळणाऱ्याची खुर्चीच खेळाबरोबर हले. १९९३ मध्ये निन्टेन्डोचा ‘स्टार फॉक्स’ आला. घरच्या यंत्राला एवढी त्रिमित चित्रे झेपत नव्हती, म्हणून खेळाच्या कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवावी लागली. रुळांचे रहस्य यातच आहे. खेळणारा कुठून काय पाहणार हे आधीच ठरलेले असले, की दुबळ्या यंत्रालाही मोठा देखावा उभा करता येतो.

मार्च १९९५ मध्ये जपानात सेगाच्या ‘सॅटर्न’ या यंत्रासाठी ‘पॅन्झर ड्रगून’ आला. दिग्दर्शक युकियो फुतात्सुगी, आणि चमूचे नाव टीम अँड्रोमेडा. निळ्या ड्रॅगनवर स्वार झालेला एक शिकारी, पाण्यात बुडालेल्या प्राचीन शहराचे खांब, दूरवर पसरलेले ओसाड जग. जपानी आवृत्तीच्या वेष्टनावरचे चित्र ‘मोबिअस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच चित्रकार झाँ जिरो यांचे होते. पात्रे बोलतात ती भाषाही या जगासाठी मुद्दाम घडवलेली. खेळणाऱ्याला पुढे, मागे, उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून चारही दिशांना नेम धरता येई. बटण दाबून शत्रूंवरून नेम फिरवायचा आणि बोट उचलले, की किरणांचा जुडगा एकदम सुटून ज्याच्या त्याच्या मागे धावायचा. ते दृश्य ज्यांनी तेव्हा पाहिले, ते आजही त्याविषयी हळवे होऊन बोलतात.

आणि तरीही खेळ सदोष होता. चित्र अडखळत चाले. लांबचे डोंगर आणि इमारती अचानक समोर उगवत. अवघे सात टप्पे, सवयीचा खेळाडू तासाभरात मोकळा होई. नवशिक्याला मात्र शिक्षा कठोर, कारण मध्येच खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. टीम अँड्रोमेडाने या मालिकेत पुढे १९९६ आणि १९९८ साली जे खेळ केले, ते जाणकारांनी पहिल्याहून सरस मानले. म्हणजे पहिला खेळ हा थोरल्या मुलासारखा: कौतुक पहिले त्याचे, पण प्रयोगही सगळे त्याच्यावरच झालेले.

२०२० च्या मार्चमध्ये, जग घराघरांत कोंडले जात असताना, त्याचा रीमेक आला. सेगाच्या परवानगीने तो पोलंडमधल्या मेगापिक्सेल स्टुडिओने केला आणि तिथल्याच फॉरेव्हर एंटरटेनमेंटने प्रसिद्ध केला. मालिकेच्या १९९८ च्या खेळाला संगीत देणाऱ्या साओरी कोबायाशी यांनी याचे संगीत नव्याने केले. चित्रे चकचकीत झाली, अडखळ बरीच कमी झाली. पण स्वागत संमिश्र झाले. नेम धरण्याची यंत्रणा हाताला बसत नाही, ही पहिली तक्रार. ती नंतरच्या सुधारणांनी काहीशी दूर झाली. दुसरी तक्रार अधिक सूक्ष्म होती आणि ती कुठल्याही सुधारणेने दूर होण्यातली नव्हती. जिथे पूर्वी पाणी, चार खांब आणि आभाळ होते, तिथे आता तपशिलांची गर्दी झाली. मूळ जग उदास वाटे, ते त्याच्या रितेपणामुळे. ते रितेपण किती कलावंताचे आणि किती यंत्राच्या गरिबीचे, हे कुणी सांगावे? पण परिणाम एकच होता, आणि तोच पातळ झाला.

असाच धडा २०१२ मध्ये ‘सायलेंट हिल’ या भयकथांच्या मालिकेने शिकवला होता. १९९९ च्या पहिल्या खेळात गावावर दाट धुके होते, कारण यंत्राला लांबचे काही रंगवता येत नव्हते. मजबुरीतून आलेले धुके हाच त्या भीतीचा प्राण ठरला, आणि पुढच्या भागांत निर्मात्यांनी ते हौसेने जपले. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांची नवी आवृत्ती काढताना करणाऱ्यांच्या हाती मूळ खेळाची अंतिम संहिता नव्हती, अपुरी होती. धुके विरळ झाले आणि जे झाकलेले राहायला हवे होते ते उघडे पडले. जुन्या वाड्याचे नूतनीकरण करताना मध्येच आलेली भिंत पाडावी आणि वरचे छप्पर तिच्यावरच टेकलेले होते हे मागाहून कळावे, तसे हे झाले.

मग सदोष खेळ आहे तसा पडून राहू द्यावा का? तेही बरोबर नाही. पुस्तक शंभर वर्षांनी कपाटातून काढले तरी वाचता येते. खेळाचे तसे नाही. बदके टिपणारी ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, कारण ती जुन्या काचेच्या पडद्याचा प्रकाश ओळखण्यासाठी बनवलेली होती. यंत्र गेले, पडदा गेला, की खेळ गेला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे आढळले. नावाजलेल्यांना कुणी ना कुणी वाली भेटतो. सदोष खेळ मात्र मुकाट्याने नाहीसे होतात, आणि एखाद्या कलेची वाढ कशी झाली हे बहुधा त्यांच्यातच अधिक स्वच्छ दिसते.

आपल्याकडे संगीत नाटकांचे काय झाले ते आठवा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ चे. रात्रभर चालणारे प्रयोग आता दोन-तीन तासांत बसवले जातात, पदे गाळली जातात. जुने रसिक हळहळतात, पण अनर्थ झाला असे कुणी म्हणत नाही. कारण छापील संहिता शाबूत आहे. उद्या कुणाला सगळी पदे गायची झाली, तर पुस्तक उघडायचा अवकाश. काटछाट सुसह्य होते ती मूळ सुरक्षित असल्यामुळे.

बँकेत आमची पिढी खातेवह्यांवर वाढली. तिथला एक नियम नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगितला जाई: चुकलेला आकडा खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि दुरुस्ती शेजारी लिहून खाली सही करायची. खोडरबराला त्या टेबलावर जागा नव्हती. चूक लपवली, की हिशेब शुद्ध होत नाही, संशयास्पद होतो.

जुन्या खेळांच्या दुरुस्तीला मला हाच नियम लागू करावासा वाटतो. २००१ मध्ये तेत्सुया मिझुगुची यांचा ‘रेझ’ आला. तोही रुळांवरचाच, संगीतात गुंफलेला. २०१६ मध्ये त्याची ‘रेझ इन्फिनिट’ ही आवृत्ती निघाली, तेव्हा जुने टप्पे तसेच राखून चित्र स्वच्छ केले गेले आणि नव्या काळाचे जे सांगायचे होते त्यासाठी एक वेगळा टप्पा जोडला गेला. जुनी ओळ वाचता येते आणि नवी तिच्या शेजारी आहे.

तेव्हा सदोष खेळ पुन्हा घडवणे योग्य की अयोग्य? माझ्या मते योग्य, किंबहुना परिपूर्ण खेळापेक्षा अधिक योग्य. ज्याचे सगळे साधले, त्याला आपली गरज नाही. ज्याची कल्पना मोठी होती आणि यंत्र तोकडे पडले, त्याला दुसरी संधी मिळाली तर ती न्यायाचीच. मात्र दोन अटी हव्यात. हात घालण्यापूर्वी प्रत्येक दोषाला विचारावे, की तू कुणाचा? अडखळणारे चित्र यंत्राचे होते, ते खुशाल सुधारावे. रितेपण, धुके, शांतता यांना हात लावताना दहादा विचार करावा. आणि दुसरी अट: नव्या आवृत्तीबरोबर जुनीही, तिच्या सगळ्या पोच्यांसह, खेळता आली पाहिजे.

घरातला चाळिशीतला मुलगा असला खेळ विकत घेऊन नातवाला दाखवू लागला, तर आजी-आजोबांनी एवढेच विचारावे: यात जुना आहे का रे? असेल तर दोन्ही पाहावेत. नातू बहुधा जुन्याला हसेल. हसू द्यावे. पण बापाने १९९५ साली डोळे विस्फारून काय पाहिले होते, हे त्याला त्या अडखळत्या चित्रातूनच कळेल.