आडात मासोळ्या आहेत, मग पाणी चांगले?

"डॉक्टरसाहेब, आमच्या आडात मासोळ्या हाईत की. पाणी खराब असतं तर त्या मेल्या नसत्या का?"

मांजराकाठच्या एका गावातून आलेल्या सासूबाईंनी हा प्रश्न केला, तेव्हा शेजारच्या बाकावर त्यांची सून बसली होती. सातवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे, तीन दिवसांपासून उलट्या. कावीळ उतरविणाऱ्याकडे दोन खेपा करून मग ही मंडळी बिलोलीला आली होती. उत्तर देण्यात वेळ न घालविता मी चिठ्ठी लिहिली आणि सुनेला तातडीने नांदेडला पाठविले. ती वाचली. मूल वाचले नाही. सासूबाईंचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. त्याचे उत्तर आज देतो, कारण हाच समज तालुक्यातील अनेक घरांत आहे.

प्रश्न अडाणीपणाचा नाही. पाण्याविषयी मासा पुष्कळ काही सांगतो. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. एका लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्राणवायू असला की रोहू, कटला सुखात असतात. तो तीनच्या खाली गेला की मासे अस्वस्थ होतात आणि एकाच्या आसपास आला की मरू लागतात. गटाराचे किंवा मळीचे पाणी नदीत आले की ती घाण कुजविणारे जंतू हा प्राणवायू खाऊन टाकतात. त्यात उन्हाळ्याचे कोमट पाणी मुळातच प्राणवायू कमी धरते. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री मात्र स्वतःच घेते. म्हणून डोहातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. असे दृश्य दिसले की नदीत काहीतरी बिघडले आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी गोष्ट विषाची. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला की तासाभरात मासोळ्या उलट्या होऊन तरंगतात. कापूस-सोयाबीनवर फवारली जाणारी काही औषधे माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी जास्त घातक असतात. याहून वाईट म्हणजे उन्हाळ्यात डोहात औषध टाकून मासे मारण्याचा प्रकार. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून हा गुन्हा आहे. असा मासा कालवणात कितीही उकळला तरी त्यातले औषध जाईल याची खात्री नाही. तेव्हा तरंगत आलेला मासा फुकट मिळाला तरी घरी नेऊ नका. कोंबडी-कुत्र्यालाही घालू नका.

हिवाळ्यात कधी कधी अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा असलेले मासे जाळ्यात येतात व लोक घाबरतात. हा व्रणरोग १९८८ साली ईशान्य भारतात शिरला आणि पुढे देशभर पसरला. त्याचे मूळ बुरशीसारखा एक जीव आहे. तो माणसाला लागत नाही. पण त्या जखमांत इतर जंतू वाढतात, म्हणून असा मासा खाऊ नये आणि हाताला कापले असेल तर हाताळूही नये. माशांच्या पोटातल्या जंतांवर तर आपल्या मराठवाड्यातच मोठे काम झाले आहे. विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी गोदावरीच्या मरळीतून कितीतरी पट्टकृमी शोधून काढले. पोट साफ करून नीट शिजविलेल्या मरळीपासून मात्र भीती नाही. अर्धवट भाजलेली खाऊ नये, इतकेच.

आता त्या सुनेच्या आजाराकडे वळू. तिला झालेली कावीळ विषाणूंमुळे होते आणि हे विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. माशाला ही कावीळ होत नाही. पटकी होत नाही, विषमज्वरही होत नाही. आडात हे सगळे जंतू असले तरी मासोळी मजेत फिरत राहील. तो तिचा दोष नव्हे, तिला त्या विषयातले काही कळतच नाही! मरळ आणि मांगूर तर वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे घाण पाण्यातही तग धरतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभागाचे लोक गप्पी मासे सोडतात, ते गटारातसुद्धा जगतात. गटारात मासा जगला म्हणून आपण गटाराचे पाणी पितो काय?

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आज आपण तिला ई प्रकारची कावीळ म्हणतो. इतरांना ती बहुधा महिना-दीड महिन्यात सोडते, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत शंभरातल्या वीसपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. म्हणून पोटुशी बाई पिवळी दिसली की मंत्र-काढ्यात एक दिवसही घालवू नये.

सासूबाईंच्या घरची खरी अडचण मला नंतर कळली. ग्रामपंचायतीचा माणूस टी.सी.एल. पावडर घेऊन आला की त्याला दारातूनच परत पाठवीत. का, तर मासोळ्या मरतात. हे खरेच आहे. जंतू मरावेत म्हणून तासाभरानंतर पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा लागतो आणि तेवढा माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. म्हणजे ज्या आडात मासा सुखात आहे, तिथे औषध पुरेसे पडलेलेच नाही.

प्रमाण असे. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ताजी पावडर. चार मीटर रुंदीच्या गोल आडात तीन मीटर पाणी असेल तर ते अदमासे ३८ हजार लिटर होते. त्याला ९५ ते १०० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन तेच आडात सोडावे व ढवळावे. खालचा चुना आडात टाकू नये. रात्री टाकले की सकाळपर्यंत काम होते. पाणी गढूळ असेल तर औषधाचा जोर मरतो. त्यासाठी आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि गर्भार बाईला पाणी उकळूनच द्यावे. संडासचा खड्डा आडापासून निदान पन्नास फूट दूर हवा. या घरी तो पंधरा पावलांवर होता.

दिवाळीनंतर सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी स्वतःच्या गुडघ्यासाठी. जाता जाता म्हणाल्या, "आवशद टाकाया लावलं, साहेब. पर मासोळ्या मेल्याचं पाप कुणाला?" मी म्हटले, "मावशी, आधी काढून शेतातल्या विहिरीत सोडायच्या होत्या." त्यावर त्या हसल्या. नातवंडांनी जुन्या लुगड्यात धरून, घागरीत घालून त्या केव्हाच तिकडे नेल्या होत्या. दोनच राहिल्या म्हणे, त्या काही हाती लागल्या नाहीत.