वाघाशेजारची जागा

सुट्टीत मुलांसोबत आम्ही डिस्नेचा 'झूटोपिया' (२०१६) पाहिला. ज्यूडी ही सशांमधली पहिली पोलीस. निक नावाच्या कोल्ह्याशी तिची दोस्ती जमते. काही शिकारी प्राणी अचानक हिंस्र होतात, तेव्हा हे त्यांच्या रक्तातच असावे, असे ज्यूडी पत्रकारांसमोर बोलून जाते. शहराची नजरच बदलते. गाडीत एक वाघ मुकाट्याने येऊन बसतो, आणि शेजारची सशीण पिलाला जवळ ओढून घेते. बस्स, एवढेच. हा प्रसंग मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

भीती पेरून खुर्ची मिळवणारी मेंढीही झकास रंगवली आहे. खटकले ते वेगळेच. पूर्वी शिकारी प्राणी सशांना खरोखर खात असत, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे सशांच्या भीतीला काही तरी आधार आहे! माणसांतल्या द्वेषाला तो कुठला? आपण तर सगळे एकाच आदमची औलाद. जन्माने कुणी वाघ नाही की ससा नाही.

शेवटी धाकटीने विचारले, "त्या गाडीतल्या वाघाला सॉरी कोण म्हणाले?"

"अगं, ज्यूडीने निकची माफी मागितली ना!"

"निकची. वाघाची नाही."