सर्व्हरचे मीटर

बँकेचे संकेतस्थळ असो की रेल्वे आरक्षणाचे, त्यामागचा प्रोग्राम कुठल्यातरी सर्व्हरवर रात्रंदिवस, कुणालाही न दिसता राबत असतो. त्याची तब्येत बाहेरून कशी कळावी? २०१२ साली बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत मॅट प्राउड आणि यूलियस फोल्त्स यांनी 'प्रोमिथियस' लिहायला घेतले ते याच प्रश्नापोटी. दोघेही आधी गूगलमध्ये होते. तिथल्या 'बोर्गमॉन' या अंतर्गत प्रणालीचा ठसा त्यांच्या कामावर उघड दिसतो.

पद्धत आपल्या विजेच्या मीटरसारखी आहे. चालता प्रोग्राम आपले आकडे एका ठरलेल्या पत्त्यावर साध्या मजकुरात मांडून ठेवतो. प्रोमिथियस ठरावीक वेळाने, बहुधा दर १५ सेकंदांनी, येऊन ते टिपून नेतो. 'गेल्या मिनिटात किती विनंत्या आल्या' हे प्रोग्राम सांगतच नाही; सुरू झाल्यापासूनची एकूण संख्या तेवढी सांगतो. वजाबाकी वाचणाऱ्याने करायची. यातले शहाणपण चटकन लक्षात येत नाही. एखादी फेरी चुकली तरी मधल्या विनंत्या हिशेबातून गळत नाहीत, पुढच्या आकड्यात येतातच. आकडा मागच्यापेक्षा कमी दिसला, तर प्रोग्राम मध्ये बंद पडून पुन्हा शून्यापासून सुरू झाला असे समजायचे. (घरचे मीटर मागे गेले तर वीजमंडळ वेगळाच अर्थ काढील!) मेमरीच्या वापरासारखे वर-खाली होणारे आकडे मात्र आहेत तसेच टिपले जातात.

खरी गोम वेळ मोजण्यात आहे. शंभर विनंत्यांपैकी नव्याण्णवांना प्रत्येकी ०.१ सेकंद लागला आणि एकीला १० सेकंद. सरासरी येते जेमतेम ०.२ सेकंद, पडद्यावर सारे आलबेल. तो एक माणूस मात्र पैसे भरण्याच्या पानावर ताटकळला आहे, कदाचित बटण दुसऱ्यांदा दाबतो आहे. म्हणून प्रोमिथियसमध्ये वेळेचे कप्पे ठेवतात: ०.१ सेकंदाच्या आत किती, १ सेकंदाच्या आत किती, ५ सेकंदांच्या आत किती. दहा सर्व्हरांचे कप्पे सरळ बेरजेने एकत्र होतात. सरासऱ्यांची सरासरी काढली, तर दोनच विनंत्या पाहिलेल्या सर्व्हरला लाखभर पाहिलेल्याइतकेच वजन मिळते. कार्यालयांतून ती अजूनही सर्रास काढली जाते, याचे मला नवल वाटते.

कप्पे मात्र प्रोग्राम लिहिणारा आधीच ठरवतो. 'गो' भाषेसाठीच्या प्रोमिथियस लायब्ररीत आयते मिळणारे कप्पे १० सेकंदांपाशी संपतात. ते न बदलता वापरले, तर ११ सेकंद थांबलेला आणि पाच मिनिटे थांबलेला, दोघेही एकाच कप्प्यात पडतात.