आकार जागा मागतो

सकाळी ७.३०
चाकणची साइट. गोदामाची शेड उभी राहतेय: २४ मीटर स्पॅन, ६-६ मीटरचे खण. रात्री वारा होता, म्हणून आधी परांची बघते. उभे-आडवे पाइप भरपूर, तिरका एकही नाही. हाताने ढकललं तर सगळा सांगाडा डुलतो. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहूनही तो कलतो. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोनही ठरले. त्याला कलायचं तर एखादी बाजू लांबायला किंवा आखडायला हवी. "मामा, तिरके मारल्याशिवाय कुणाला वर चढवू नका." मामा कपलर आणायला पोऱ्याला पिटाळतात.

९.००
छताची कैची जमिनीवर जुळवून ठेवलीय. सगळे त्रिकोणच, त्यामुळे प्रत्येक अँगलला मुख्यतः ओढ किंवा दाब येतो, वाकवणारा भार फारसा नाही. अट एकच, वजन सांध्यावर यायला हवं. छताचं वजन कैचीवर आणणाऱ्या एका पर्लिनची क्लीट दोन सांध्यांच्या मधोमध लागलीय. ती काढून सांध्यावर घ्यायला सांगते. मग दाबाचे अँगल मोजते. ऑयलरने १७४४ मध्ये मांडलेलं गणित आजही वापरतो: बिनआधाराची लांबी दुप्पट झाली, की सडपातळ दांडा बाक येऊन निकामी होण्याचा भार चौथाईवर येतो. म्हणून लांब अँगलला मध्ये आधार.

११.३०
माळ्याच्या तुळया आल्यात, ३०० मिलिमीटर उंचीच्या आय सेक्शनच्या. एक आडवी पाडून तिच्यावरून सामान न्यायचा पोरांचा बेत. "मॅडम, लोखंड तेवढंच ना?" तेवढंच, पण ही तुळई उभी असताना जेवढी ताठ, त्याच्या साधारण एकोणिसावा हिस्सा आडवी असताना. उभीचं बहुतेक लोखंड मध्यापासून दूर, वरच्या-खालच्या फ्लँजमध्ये असतं, आणि वाकण्याला तेच अडवतं. मात्र उभी तुळई बाजूला पिळवटू शकते, म्हणून तिची वरची फ्लँज धरून ठेवावी लागते.

१.००
डबा उघडते तोच गोदामाच्या शेठचा फोन. "बाजूच्या भिंतीतल्या त्या फुल्या कशाला? तिथून ट्रक घ्यायचाय. काढा, लोखंडही वाचेल."

२.३०
पुण्यात ऑफिस. दोन तिरक्या दांड्यांची ही फुली काढली तर शेडच्या लांबीच्या दिशेने येणारा वारा पायापर्यंत न्यायचा कुणी? वारा इकडून आला की एक तिरका ताणला जातो, तिकडून आला की दुसरा. फुलीऐवजी कोपरे ताठ असलेली चौकट देता येते, पण कोपऱ्यांवर वाकवणारा भार येतो. खांब जाड, बोल्ट जास्त. फुली शेजारच्या खणात न्यावी, तर तिथले पाये उचल धरण्याच्या हिशेबाने ओतलेलेच नाहीत.

४.३०
पेठेतली जुनी दगडी इमारत. कमानीच्या शेवटची जाड भिंत मालकांना दुकानासाठी पातळ करायचीय. दगड दाब सोसतो, ओढ फार कमी. कमान भार दाबातच उतरवते, म्हणून ती टिकलीय. पण त्या बदल्यात ती दोन्ही बाजूंना रेटते, आणि तो रेटा ही भिंत पेलते. भिंतीला हात लावू नका, असं लेखी देते.

६.३०
शेठना फोन. लोखंड किलोवर विकलं जातं, म्हणून गिऱ्हाईक वजन मोजतं. आकाराला किलोचा भाव नाही. तो जागा मागतो. तुळईला उंची लागते, कमानीला बाजूची भिंत, फुलीला एक अख्खा खण. ती जागा नाकारली, की तेच काम लोखंड ओतून करून घ्यावं लागतं.

"मग दरवाजा?"

"एक खण पुढे सरकवा. रॅम्प अजून ओतलेला नाही."

"वजन किती वाढेल?"

"फुलीचं काहीच नाही. दरवाजाची चौकट तर कुठेही लागणारच होती."

शेठ तयार होतात. सुधारित ड्रॉइंग रात्रीच पाठवते. सकाळी मामांना रॅम्पची नवी आखणी करायचीय.