ओरखडा कोणता, रेघ कोणती?

लहानपणी टीव्हीवर पाहिलेली कृष्णधवल कार्टून बहुतेकांना एकसारखीच आठवतात: धुरकट चित्र, पडद्यावरून सरकणाऱ्या उभ्या रेघा आणि खरखरणारा आवाज. तीच कार्टून आज दुरुस्त केलेल्या प्रतीत पाहिली की कळतं, आपण ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

पॉपायचंच घ्या. न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओने १९३३ साली त्याला पडद्यावर आणलं. त्या सुरुवातीच्या कार्टूनच्या स्वच्छ प्रती २००७ साली डीव्हीडीवर आल्या. त्यांतल्या काही प्रसंगांत पॉपायच्या मागची पार्श्वभूमी रंगवलेली नाही. ती फिरत्या मेजावर उभारलेली खरीखुरी छोटी प्रतिकृती आहे. तिच्यापुढे पारदर्शक तावावरचं चित्र उभं धरायचं, एक फ्रेम टिपायची, मेज जरासं फिरवायचं आणि पुढची फ्रेम टिपायची. त्यामुळे चित्राला खरी खोली आली. टीव्हीवर मात्र त्या जागी राखाडी डागच दिसत होता.

दोष होता प्रतींचा. टीव्हीसाठी मूळ ३५ मिमी फिल्मवरून १६ मिमीच्या प्रती निघत, त्यांवरून आणखी प्रती निघत. प्रत्येक पिढीत काळं अधिक काळं होई, पांढरं अधिक पांढरं, आणि मधल्या करड्या छटा गळून जात. मूळ फिल्ममध्ये मात्र त्या शाबूत असतात, कारण कृष्णधवल चित्र घडतं ते चांदीच्या सूक्ष्म कणांचं. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं विटतात. चांदी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

टिकत नाही ती चांदी धरून ठेवणारी पट्टी. जुनी पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. ती इतकी ज्वालाग्राही, की जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते. पाण्यात बुडवूनही विझत नाही. १९४८ नंतर तिची जागा ट्रायअ‍ॅसिटेटने घेतली. ही ‘सेफ्टी फिल्म’ सहजी पेट घेत नाही, पण उष्ण, दमट हवेत तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागतं. हे आम्लच पुढच्या विघटनाला वेग देतं. दुधाला विरजण लागावं तसं. फिल्मला व्हिनेगरचा वास येतो, ती आक्रसते, ठिसूळ होते. या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे भारत सरकारकडून गेली होती, कारण इथल्या हवेत त्याला दहा वर्षंही लागली नाहीत. अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने, २१ अंश सेल्सियस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या फिल्मला हा रोग लागायला सुमारे ४० वर्षं जातात. आपल्या घिवली गावच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांपैकी एकही अट पाळली जात नाही.

आपल्याकडचं नुकसानही मोठं आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली होती. याच तंत्राने त्यांनी १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. तो पट आज उपलब्ध नाही. १९३४ साली ‘प्रभात’ने ‘जंबुकाका’ हे कार्टून काढलं, म्हणजे पॉपाय पडद्यावर आल्यानंतर पुढच्याच वर्षी. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला.

जे वाचतं, त्याची दुरुस्ती कशी होते? आधी हाताने सफाई, फाटलेल्या कडांची जोडणी. मग फिल्म विशिष्ट द्रवात भिजवून स्कॅन करतात. या द्रवात प्रकाश पट्टीइतकाच वळतो, त्यामुळे द्रवाने भरलेला ओरखडा दिसेनासा होतो. उरलेलं काम संगणकाचं. सेकंदाला २४ फ्रेम. एखादा ठिपका एकाच फ्रेममध्ये दिसला आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नसला, तर संगणक त्याला धूळ समजून पुसतो.

माणसांच्या चित्रपटात हा नियम बऱ्यापैकी चालतो, कार्टूनमध्ये फसतो. इथे झटक्यात फिरलेला हात खरोखरच एका फ्रेमपुरता असतो. काही जुन्या डीव्हीडींत अशा आपोआप सफाईने पात्रांच्या शाईच्या रेघाच अर्धवट पुसल्या गेल्या. शिवाय काही धूळ मूळ चित्रीकरणाच्या वेळीच तावावर बसलेली असते. ती दोष म्हणून काढायची की इतिहास म्हणून ठेवायची, हे यंत्र सांगू शकत नाही. म्हणून चांगल्या दुरुस्तीत प्रत्येक फ्रेमवर माणसाची नजर फिरावी लागते. अति गुळगुळीत प्रत दिसली, तर ती दुरुस्त आहे की धुऊन टाकलेली, हा प्रश्न प्रेक्षकाने विचारायलाच हवा.

फिल्म खराब होण्याचा प्रश्न आपल्या घरातही आहे. लग्नकार्यातल्या जुन्या फोटोंच्या निगेटिव्हही बहुधा अ‍ॅसिटेटच्याच असतात. घिवली, दांडी, नवापूरकडच्या घरांत त्या लोखंडी कपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतील, तर एकदा वास घेऊन पाहा. आंबूस वास आला, तर त्या लगेच इतरांपासून वेगळ्या करा, कारण आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. कागदी पाकिटात, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा आणि येत्या पावसाळ्यापूर्वी स्कॅन करून घ्या. चित्रपटाचं रीळ सापडलं, तर ते प्रोजेक्टरवर चढवू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.